गाडी चकाचक, इंजिनाचं काय?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

खंडेनवमीच्या सकाळी उचगावातून एक फेरी मारून बघा. दारोदारी पाण्याची नळी सुरू असते, मोटरसायकली साबणाच्या फेसात न्हात असतात, पोरं जुन्या टूथब्रशनं चाकाच्या तारा घासत असतात. मग हँडलला झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. वर्षभर राबलेल्या वाहनाची त्या दिवशी पूजा व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण एवढी अंघोळ घातल्यावर मालक समाधानानं म्हणतो, ‘झाली गाडी साफ!’ तिथं मात्र माझा मतभेद आहे. साफ झाला तो पत्रा. इंजिन साफ राहतं ते आतून, आणि तिथं पाण्याचं काही काम नाही. तिथं चालतात दोनच गोष्टी, स्वच्छ हवा आणि स्वच्छ तेल.

उचगाव म्हटल्यावर बेळगावकडच्या मंडळींना मळेकरणी देवीचं उचगाव आठवेल. मी बोलतोय ते करवीर तालुक्यातल्या, पुणे-बंगळूर महामार्गावरच्या उचगावाबद्दल. उत्तरेला शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला गोकुळ शिरगावची, त्याच्याही पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत. मधे हे गाव. पहिल्या पाळीला निघालेला कामगार, दुधाचे कॅन लावलेला गवळी, गांधीनगरच्या पेठेत मापाडीचं किंवा हिशोबाचं काम करणारा पोरगा, या सगळ्यांची भाकरी शंभर-सव्वाशे सीसीच्या इंजिनावर चालते. गाडी दोन दिवस गॅरेजला पडली की दोन दिवसांचा खाडा. म्हणून हा विषय हौसेचा नाही, घरखर्चाचा आहे.

आधी हवेचं बघू. आपण पेट्रोलचा हिशोब ठेवतो, हवेचा कुणी ठेवत नाही, कारण ती फुकट मिळते. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास पंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एका लिटर पेट्रोलबरोबर इंजिन साधारण नऊ ते दहा हजार लिटर हवा ओढतं. धडधाकट माणूस दिवसरात्र मिळून जेवढी हवा छातीत घेतो, जवळजवळ तेवढीच. म्हणजे उचगावहून कागलला जाऊन-येऊन, वर शहरात चक्कर मारून घरी येईपर्यंत तुमच्या गाडीनं एका माणसाची दिवसभराची हवा पिऊन टाकलेली असते.

आता ही हवा कशी आहे? गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं उडणारा पाचटाचा भुसा, शेतरस्त्याची धूळ. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामांनी त्यात आपली भर घातली. पण आपल्या भागातली खरी घातक धूळ वेगळीच आहे, ती फौंड्रीची. शिरोली आणि गोकुळ शिरगावला शेकडो भट्ट्यांमधून लोखंड ओतलं जातं. त्यासाठी साचे करायला वाळू लागते. वापरून जळालेली वाळू ट्रॉलीतून बाहेर जाते, रस्त्याकडेला सांडते आणि वाहनांच्या चाकांखाली पीठ होऊन हवेत चढते. वाळू म्हणजे सिलिका. मातीच्या ढेकळासारखी ती चुरगळून जात नाही. आपल्या इंजिनाच्या सिलिंडरमधली ओतीव लोखंडाची स्लीव्ह वाळूच्या कणापेक्षा मऊ असते. असा कण पिस्टनच्या रिंगेत सापडला की तो पॉलिशपेपरचं काम करतो.

हे काम किती वेगानं चालतं? स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. मिनिटाला चार हजार फेरे धरले तर पिस्टन मिनिटाला आठ हजार वेळा ही धाव मारतो, म्हणजे सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली नव्या इंजिनातली फट माणसाच्या केसाहूनही कमी. त्या फटीत वाळू गेली की रिंगा झिजतात, बोअरला उभे ओरखडे पडतात, दाब निसटायला लागतो. मालकाला हे कसं कळतं? आधी किक हलकी लागते. मग चढाला गाडी दम खाते. मग तेल कमी व्हायला लागतं आणि शेवटी सायलेन्सरमधून निळा धूर. निळा धूर दिसला, म्हणजे रिंगांपर्यंत किंवा व्हॉल्व्हच्या सीलपर्यंत प्रकरण गेलं. पुढचा मुक्काम बहुधा उद्यमनगरात बोअर करायला.

या सगळ्याच्या आड उभा असतो तो एअर फिल्टर. चार-पाचशेच्या आत मिळणारी वस्तू. तरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडंच. काही पोरं तर ‘फिल्टर काढला की पिकअप वाढतो’ म्हणून तो काढूनच ठेवतात. आवाज वाढतो, हे खरं. पिकअपचं म्हणाल तर चोंदलेला फिल्टर काढल्यावर बरं वाटणारच, पण त्याचा अर्थ फिल्टर बदला असा आहे, टाकून द्या असा नाही.

फिल्टर साफ करायच्या पद्धती त्याच्या जातीवर ठरतात, आणि इथं बराच घोळ होतो. जुन्या गाड्यांत स्पंजाचा फिल्टर असे. तो रॉकेलमध्ये धुवायचा, हातानं दाबून काढायचा, पिळायचा नाही, कारण पिळला की फाटतो. वाळला की इंजिन ऑइलचे थोडे थेंब त्याच्यात मुरवायचे, कारण धूळ धरते ती त्या तेलामुळं. रेशनचं रॉकेल आता दुर्मीळ झालंय, तेव्हा डिझेल वापरतात. चालतं, पण वाळायला जास्त वेळ द्या आणि पेट्रोल मात्र वापरू नका, भडका उडायला एक ठिणगी पुरते. साधा कोरडा कागदी फिल्टर असेल तर तो धुवायचाच नाही. हलक्या हातानं आपटायचा आणि कमी दाबाची हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून आत हवा मारली तर धूळ कागदात घुसवल्यासारखं होतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तेल पाजलेला चिकट कागदी फिल्टर येतो. त्याला हवासुद्धा मारायची नाही, मुदत संपली की सरळ बदलायचा. फौंड्रीच्या रस्त्यानं रोज ये-जा असेल तर पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न बघता अर्ध्यातच उघडून बघा.

उघडून बघाल तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. फिल्टरवर जी काळपट राखाडी पूड दिसते, तीच पूड गाडीवर बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात जाते. भट्टीवर, साचा फोडायच्या कामावर तर तीच हवा आठ तास असते. सिलिकाच्या बारीक धुळीनं फुफ्फुस कायमचं निकामी होतं, त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. गाडीचा फिल्टर दुकानात मिळतो. कामावरचा चांगला मास्कही मिळतो, पण तो कामगारानं मागावा लागतो आणि मालकानं द्यावा लागतो. विषय इंजिनाचा आहे, हे मान्य. पण हे न सांगता पुढं जाणं मला जमणार नाही.

आता तेल. कोल्हापूरला इंजिन शिकवायला जाणं म्हणजे आजीला पोळी शिकवण्यासारखं आहे. या शहराच्या यंत्रोद्योगाचा पाया घालणाऱ्यांत म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं आदरानं घेतली जातात. नदीचं पाणी उसाला चढवणारी ऑइल इंजिनं इथल्याच कारखान्यांत तयार झाली. त्या काळच्या शेतकऱ्याला शाळेचं तोंड ठाऊक नसेल, पण सकाळी इंजिनाचं हँडल मारायच्या आधी तेलाची काडी काढून बघायची, हे ठाऊक होतं. त्याचाच नातू आज मोटरसायकल घेतो आणि तेल कुठून बघायचं हे त्याला विचारावं लागतं.

शंभर सीसीच्या गाडीत तेल असतं जेमतेम लिटरभर. तेवढ्याच तेलाला सगळी कामं. क्रँकच्या बेअरिंगला वंगण तेच, पिस्टनची उष्णता वाहून नेणारं तेच, गिअरच्या दात्यांचा मार खाणारं तेच आणि क्लचच्या प्लेटा बुडालेल्या असतात त्याही त्याच तेलात. मोटारगाडीत गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, मोटरसायकलीत बहुतेक वेळा नसतं. म्हणून मोटारीचं उरलेलं भारी तेल ‘चांगलंच आहे की’ म्हणून मोटरसायकलीत ओतू नये. त्यातल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच तर घर्षणावरच चालतो. मग इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. मोटरसायकलीच्या तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू असं लिहिलेलं असतं. ते आणि पुस्तिकेतला ग्रेड, दोन्ही जुळवून घ्या. तेल विश्वासाच्या दुकानातून घ्या आणि रिकामा डबा टाकण्यापूर्वी त्याला भोक पाडा, नाहीतर त्याच डब्यात दुसरंच तेल भरून तो पुन्हा तुमच्याच पुढ्यात यायचा.

तेल काळं झालं म्हणजे खराब झालं, असा एक समज आहे. काजळी आणि धातूची बारीक पूड आपल्यात धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे, तेव्हा ते काळं पडणारच. उलट, हजारो किलोमीटरनंतरही तेल पिवळंधमक दिसत असेल तर घाण कुठंतरी तळाला बसली नाही ना, असं विचारावंसं वाटतं. बघायचं ते रंगापेक्षा पातळीकडं आणि किलोमीटरकडं. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, काडी पुसा, परत टेकवा. बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. दोन खुणांच्या मधे तेल हवं. खालच्या खुणेखाली गेलं की त्याच दिवशी भरा, आणि वरच्या खुणेच्या वर भरून उदारपणा दाखवू नका.

तेल बदलताना इंजिन थोडं गरम असावं, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. ड्रेन बोल्टचा वायसर नवा टाका. बोल्ट आवळताना मात्र हात आवरा. खालचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की दहा रुपयांच्या वायसरवरून काम हजारांवर जातं. आणखी एक वाईट सवय आमच्याच धंद्यातली. जुनं तेल काढल्यावर इंजिन ‘धुवून’ काढायला आत रॉकेल किंवा डिझेल ओततात आणि क्षणभर चालवतात. दिसायला काळं पाणी बाहेर येतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या क्षणभरात बेअरिंगवर वंगण नसतं आणि आत उरलेलं रॉकेल नव्या तेलाला पातळ करतं. गिऱ्हाइकानं स्पष्ट सांगावं, हे करायचं नाही.

मग आतली घाण जाते कुठं? याच्यासाठी त्या छोट्या इंजिनात एक सुंदर सोय आहे आणि ती फारच थोड्या मालकांना माहीत असते. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ची आणि स्प्लेंडर १९९४ची. या घराण्याच्या इंजिनांत मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. तळाशी एक बारीक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला एक झाकणबंद वाटी, जी क्रँकबरोबर गरगर फिरते. तेल तिच्यातून जातं तेव्हा जड धातूची पूड बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटते आणि स्वच्छ तेल पुढं जातं. साखर कारखान्यात फिरत्या मशीनमध्ये साखर आणि मळी वेगळी होताना ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे लगेच पटेल. तत्त्व एकच. फरक एवढाच की कारखान्यातलं मशीन प्रत्येक घाणीला रिकामं करतात आणि गाडीतली वाटी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. उजव्या बाजूचं क्लचचं आवरण काढल्याशिवाय ती दिसत नाही, नवं पॅकिंग लागतं, मजुरी लागते, म्हणून साध्या सर्व्हिसिंगमध्ये तिला हात लागत नाही. वाटी भरली की घाण तेलाबरोबर बेअरिंगकडं जाते. इंजिनाची खरी आतली साफसफाई म्हणायची तर ती हीच. क्लचप्लेटा बदलायला आवरण उघडणारच असेल, तर मेस्त्रींना तेवढं आवर्जून सांगा की वाटी आणि जाळीपण साफ करा. जाणकार मेस्त्री हे न सांगताही करतो. पण सगळेच तसे नसतात.

प्लग आणि टॅपेट यांचं थोडक्यात. प्लग काढला आणि टोक बिस्किटाच्या रंगाचं दिसलं तर आत सगळं ठीक. कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, बहुधा फिल्टर चोंदलेला. काळं तेलकट असेल तर तेल जळतंय. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. टॅपेटची टिकटिक ऐकून लोक घाबरतात, पण हलकी टिकटिक निरुपद्रवी असते. भीती बाळगायची ती मुक्या टॅपेटची. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि त्याची कड जळून जाते. ही फट थंड इंजिनावर, फिलर गेज घालून, पुस्तिकेतल्या मापानं ठेवायची असते. ‘कानानं’ ठेवायची नसते.

आता पाणी. बाहेरून धुताना गरम इंजिनावर गार पाणी मारू नका. सिलिंडरच्या पंख्यांमधला चिखल मात्र काढाच, कारण आपली बहुतेक इंजिनं वाऱ्यानं थंड होतात आणि शेतातली काळी माती पंख्यांत सुकून बसली की इंजिनाला घोंगडं पांघरल्यासारखं होतं. भिजवा, ब्रशनं काढा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा फिल्टरच्या तोंडावर, प्लगच्या टोपीवर आणि वायरींच्या जोडांवर धरू देऊ नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आणि सेन्सर आले. त्यांच्या जोडांत पाणी शिरलं तर पान्यानं काही होत नाही.

पण फवाऱ्याचं पाणी परवडलं, असं म्हणायची वेळ आपल्या भागावर आलेली आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. दारात, तळघरात उभ्या असलेल्या मोटरसायकली कित्येक दिवस बुडून राहिल्या. आणि पूर ओसरल्यावर त्यातल्या कितीतरी इंजिनांचं नुकसान पुरानं नव्हे, तर मालकाच्या उतावीळपणानं केलं.

त्याचं कारण समजून घ्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. शंभर सीसीच्या इंजिनात पिस्टन वर टोकाला गेल्यावर जागा उरते ती दहा-बारा घन सेंटिमीटर. म्हणजे चहाचे दोन चमचे. त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असताना तुम्ही बटण दाबलंत, किंवा चौघांनी ढकलून गाडी गिअरमध्ये टाकलीत, तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीचं बटण एकदाही दाबायचं नाही, किल्लीसुद्धा फिरवायची नाही. पूर्ण विमा असेल तर आधी फोटो काढा, कंपनीला कळवा. सुरू करायचा प्रयत्न केल्यानं वाढलेलं नुकसान कंपनी नाकारू शकते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीच्या नुकसानीचं काहीच मिळत नाही.

मग बॅटरीची वायर सोडवा, प्लग काढा. तेलाचा ड्रेन बोल्ट उघडा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळं आधी पाणी पडेल, मग ताकासारखं पांढरट तेल. प्लगच्या भोकातून पाणी निघून जाईपर्यंत हातानं, सावकाश किक फिरवा आणि मग सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ तेल सोडा, म्हणजे बोअर गंजणार नाही. फिल्टर टाकून द्या. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, सायलेन्सरमधलं पाणी काढा. इंजेक्टरवाली गाडी असेल तर इथंच थांबून ती टेंपोत घालून सर्व्हिस सेंटरला न्या. नवं तेल भरून इंजिन चार-पाच मिनिटं चालवा आणि तेच तेल काढून टाका. पुन्हा पांढरट निघालं तर पुन्हा बदला. दोन-तीनदा तेल बदलायला पैसे जातात, हे खरं. पण पुराच्या पाण्यातली रेव इतकी बारीक असते की एका धुण्यात ती निघत नाही. आणि हे सगळं पाणी उतरल्याबरोबर करायचं. आठवडाभर तशीच उभी ठेवलेली गाडी बेअरिंगला गंज धरते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल बरेच जण विचारतात. ऊसवाल्या जिल्ह्याला इथेनॉल काय ते सांगायला नको. वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल २०२३ पासून यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं आणि इंजिनाला आधी तेच पोचतं. रोज फिरणाऱ्या गाडीला याची फारशी बाधा नाही. महिना-महिना उभी राहणारी जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा, आणि रबरी नळ्या चिरल्या आहेत का हे वर्षातून एकदा हात लावून बघा.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. उचगावचं काय किंवा शहराचं काय, गटारातलं सगळं शेवटी पंचगंगेकडंच जातं. डब्यात साठवा आणि गॅरेजवाल्याकडं द्या. जळकं तेल गोळा करून नेणारे त्याच्याकडं येतात.

आपल्या भागापुरतं वेळापत्रक सांगायचं तर गळीत हंगाम संपला, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, की फिल्टर बघायचा. मृगाच्या आधी तेल, प्लग, टॅपेट. दसऱ्याला धुण्याबरोबर पुन्हा तेलाची काडी. मधे पुस्तिकेतले किलोमीटर भरले तर त्यांचा मान आधी. तेल बदललं त्या दिवशीचा आकडा टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, डोक्यात ठेवलेला आकडा राहत नाही. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचल्याची बातमी ऐकलीत, तर नदीकाठच्या, सखल भागातल्या मंडळींनी त्याच संध्याकाळी गाडी उंचावरच्या पाहुण्यांच्या दारात नेऊन लावावी.